मेल पाठवला, 'सेंट'मध्ये दिसतोय, पण समोरच्याला मिळालाच नाही? सर्व्हरची तपासणी अशी करा

नाकाडोंगरी. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशच्या सीमेकडच्या पट्ट्यातलं गाव. आजूबाजूला धानाची शेती आणि याच परिसरात 'मॉयल'ची डोंगरी बुजुर्ग ही मँगनीजची खाण.

समजा, इथल्या एका शेतकरी गटाने ठरवलं की तांदूळ दलालाला न देता थेट नागपूर-पुण्याच्या हॉटेलांना विकायचा. वेबसाइट काढली, स्वतःचं डोमेन घेतलं. आपण त्याला 'आपलातांदूळ डॉट इन' म्हणू, नाव अर्थातच काल्पनिक. त्याच डोमेनवरून एका हॉटेलला कोटेशन पाठवलं. चार दिवस उत्तर नाही म्हणून फोन केला, तर समोरून ऐकायला मिळालं, "तुमचा मेल आलाच नाही. आम्ही दुसऱ्याकडून घेतला माल." नंतर शोधल्यावर मेल सापडला, स्पॅम फोल्डरमध्ये.

गटाचं नाव काल्पनिक असलं तरी असा फोन ज्याने केला नाही असा छोटा धंदेवाला सापडणं अवघड आहे. कोटेशन, निविदेचे कागद, संस्थेच्या सभेची नोटीस, क्लासच्या प्रवेशाची पावती, यातलं काहीही असं गायब होऊ शकतं.

आणि यात सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. पत्ता चुकला तर मेल 'बाउन्स' होऊन परत तरी येतो. स्पॅममध्ये गेलेला मेल मात्र तुमच्या 'सेंट' फोल्डरमध्ये अगदी व्यवस्थित पाठवल्यासारखा दिसत राहतो.

मग लोक मजकुराला दोष देतात. विषयात 'ऑफर' लिहिलं म्हणून गेला असेल, फोटो जास्त झाले असतील, लाल अक्षरं नको होती. मजकुराचा परिणाम होतो, नाही असं नाही. पण स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवणाऱ्या छोट्या संस्थांचं दुखणं बहुतेकदा वेगळंच असतं. हा मेल खरोखर त्याच डोमेनच्या मालकाने पाठवला आहे, हे सिद्ध करणारी कागदपत्रंच त्यांनी लावलेली नसतात. ती लावली आहेत की नाही, हे तुम्ही स्वतः दहा मिनिटांत तपासू शकता.

ई-मेलला ओळखपत्र का लागतं?

ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे ज्या नियमांनी जातो, त्यांना एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये हे नियम लिहिले. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, सगळे एकमेकांना ओळखून. त्यामुळे 'पाठवणारा' या रकान्यात जे लिहिलंय ते खरं आहे का, हे तपासायची सोयच त्यात ठेवली गेली नाही. पाकिटाच्या मागे 'प्रेषक: जिल्हाधिकारी, भंडारा' असं कुणीही लिहू शकतं आणि पोस्टमन त्याला काही विचारत नाही, तसंच हे.

खरं तर नको असलेले मेल त्याच्याही आधी सुरू झाले होते. ३ मे १९७८ रोजी डीईसी या कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी कॉम्प्युटरची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. पहिला स्पॅम म्हणून आजही त्याचंच नाव घेतलं जातं.

एसएमएसच्या बाबतीत आपल्याकडे 'ट्राय'ने नियम केले आहेत. कंपनीला आपलं प्रेषकाचं नाव आधी नोंदवावं लागतं, म्हणून तर बँकेचा मेसेज ठरावीक अक्षरांच्या कोडवरून येतो. ई-मेलला असं एक कार्यालय नाही. तिथे प्रत्येक डोमेन मालकाने आपली ओळख स्वतःच जाहीर करायची असते आणि समोरच्या सर्व्हरने ती पडताळायची.

ही जाहिरात लावायची जागा म्हणजे डीएनएस. ग्रामपंचायतीच्या फलकासारखं समजा. वाचू कुणीही शकतं, कागद लावायचा अधिकार फक्त कार्यालयाला. तुमच्या डोमेनच्या फलकावर तीन कागद लागलेले असायला हवेत.

पहिला एसपीएफ. माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणकोणत्या सर्व्हरना आहे, त्याची ही यादी.

दुसरा डीकिम. हे मोहोरबंद पाकीट आहे. सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने डिजिटल सही करतो आणि ती सही तपासायची दुसरी किल्ली फलकावर लावलेली असते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. दुसऱ्याने मेल फॉरवर्ड केला तर एसपीएफ बहुतेक वेळा तुटतो, कारण आता पाठवणारा सर्व्हर वेगळा असतो. मजकुराला धक्का लागला नसेल तर डीकिम मात्र टिकतो. म्हणून दोन्ही लावायचे.

तिसरा डीमार्क. इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा थांबू.

एका मेलवर पाठवणाऱ्याचं नाव दोन ठिकाणी असतं. एक पाकिटावर, जे फक्त सर्व्हर बघतात. दुसरं आतल्या पत्रावर, 'फ्रॉम'मध्ये, जे आपल्याला दिसतं. एसपीएफ पाकिटावरचं नाव तपासतो. म्हणजे पाकिटावर स्वतःचं खरं डोमेन टाकून आतल्या पत्रावर तुमचं नाव लिहिलं, तरी ठगाचा एसपीएफ पास! डीमार्क विचारतो, पाकिटावरचं किंवा सहीतलं डोमेन आणि पत्रावरचं डोमेन एकच आहे का? धान खरेदी केंद्रावर नोंदणी करताना सातबाऱ्यावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळावं लागतं ना? दोन्ही कागद अस्सल असून चालत नाही, ते एकाच माणसाचे हवेत. डीमार्क नेमकं हेच बघतो.

शिवाय नाव जुळलं नाही तर काय करायचं, हेही तुम्ही डीमार्कमध्येच सांगता. 'नन' म्हणजे काही करू नका, फक्त मला कळवा. 'क्वारंटाइन' म्हणजे स्पॅममध्ये टाका. 'रिजेक्ट' म्हणजे दारातूनच परत पाठवा.

हे सगळं आता एवढं महत्त्वाचं का झालं?

तंत्र जुनंच आहे. एसपीएफचे नियम २००६ मध्ये आले, डीकिमचे २००७ मध्ये, डीमार्क २०१२ मध्ये जाहीर झाला. पण बरीच वर्षं ते लावलं तर चांगलं, नाही लावलं तरी चालतंय, असं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगल आणि याहूने जाहीर केलं की फेब्रुवारी २०२४ पासून हे चालणार नाही. जीमेलच्या खात्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकिम यातलं निदान एक हवं. दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे तिन्ही हवेत, वर एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करायची सोय हवी आणि 'हा स्पॅम आहे' असं बटण दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. ५ मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या खात्यांसाठी मोठ्या प्रेषकांना असाच नियम लावला.

आकडा ५,००० चा असला तरी दिवसाला वीस मेल पाठवणाऱ्या गटाने 'हे आपल्यासाठी नाही' असं समजू नये, असं मला वाटतं. जीमेलच्या म्हणण्यानुसार ते रोज जवळपास १५ अब्ज नको असलेले मेल अडवतात. एवढ्या गर्दीत अनोळखी डोमेनकडे बघताना फिल्टर आधी कागदपत्रंच बघणार.

तपासायचं कसं?

धान केंद्रावर नेण्याआधी शेतकरी दाणा दाताखाली फोडून ओलावा किती आहे याचा अंदाज घेतो. तिथे १७ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर गाडी परत आणायचा खर्च कोण करणार? सर्व्हरचंही तसंच. खऱ्या ग्राहकाला पाठवण्याआधी स्वतःला पाठवा.

तुमच्या डोमेनवरून स्वतःच्याच जीमेलवर एक साधा मेल टाका. 'टेस्ट' एवढं एकच अक्षर नको, नेहमी पाठवता तसा दोन-चार ओळींचा. मग कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. मोबाइल अॅपमध्ये हा पर्याय मिळत नाही. उघडणाऱ्या पानावर वरच एक छोटा तक्ता असतो. त्यात एसपीएफ, डीकिम आणि डीमार्कच्या पुढे 'पास' किंवा 'फेल' लिहिलेलं असतं. तिन्हींपुढे पास असेल तर निम्म्याहून जास्त काम झालं. एखादी ओळच नसेल, तर तो कागद फलकावर लागलेलाच नाही किंवा जीमेलला सापडला नाही.

एक सावधगिरी. मेल जिथून जिथून निघतो, त्या प्रत्येक ठिकाणाहून ही चाचणी करा. रोजचे मेल एका कंपनीच्या सर्व्हरवरून जातात, वेबसाइटवरच्या ऑर्डरची पावती होस्टिंगच्या सर्व्हरवरून जाते, दिवाळीच्या शुभेच्छा तिसऱ्याच सेवेवरून. एसपीएफच्या यादीत पहिलंच नाव असतं आणि पावत्या स्पॅममध्ये जात राहतात. हा प्रकार फार होतो.

मग यादीत नावं टाकायची, पण तिथेही दोन खड्डे आहेत. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. नवी सेवा घेतली की लोक जुनी नोंद तशीच ठेवून खाली दुसरी टाकतात, आणि दोन नोंदी दिसल्या की सर्व्हर दोन्ही बाद धरतो. दुसरं, ही यादी वाचताना समोरच्या सर्व्हरला जास्तीत जास्त दहा वेळा डीएनएसमध्ये शोध घ्यायची मुभा आहे. तुम्ही जोडलेल्या सेवांच्या आत आणखी सेवा असतात, त्याही यात मोजल्या जातात. अकरावा शोध लागला की सगळंच नापास. वापरात नसलेल्या सेवा यादीतून काढून टाका.

आणि नोंदीच्या शेवटी 'प्लस ऑल' लिहिलेलं दिसलं तर आजच बदला. त्याचा अर्थ 'जगात कुणीही माझ्या नावाने पाठवा' असा होतो. तिथे उणे चिन्ह किंवा नागमोडी चिन्ह हवं.

यानंतर 'मेल-टेस्टर'सारखी साइट वापरा. ती तुम्हाला एक तात्पुरता पत्ता देते. त्यावर मेल पाठवायचा आणि बटण दाबायचं. दहापैकी गुण मिळतात आणि कुठे कापले तेही दिसतं. मजकुराला 'स्पॅमअसॅसिन' या जुन्या, मोफत फिल्टरने किती गुण दिले हेही त्यात असतं. तिथे उलटं असतं, गुण जितके जास्त तितका संशय जास्त, आणि मूळ सेटिंगनुसार ५ ला मेल स्पॅम ठरतो.

मराठीत मेल लिहिला म्हणून स्पॅममध्ये जातो का? युनिकोडमध्ये लिहिला असेल तर भाषेला घाबरायचं कारण नाही. पण डीटीपीवाल्याकडून आलेला जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवला, तर तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होतो. फिल्टरलाही तोच कचरा दिसतो आणि ग्राहकालाही.

वेबसाइटवरचा 'संपर्क करा' फॉर्म

हा प्रश्न इतका घरोघरचा आहे की त्याला वेगळी जागा द्यायलाच हवी. ग्राहक तुमच्या साइटवर फॉर्म भरतो, त्यात स्वतःचा याहू किंवा जीमेलचा पत्ता टाकतो. बऱ्याच साइट तोच पत्ता 'फ्रॉम'मध्ये टाकून तुम्हाला मेल पाठवतात, म्हणजे 'रिप्लाय' दाबलं की थेट ग्राहकाला जावं. हेतू चांगला. पण समोरच्या सर्व्हरला काय दिसतं? याहूचं नाव लावलेला मेल, आणि तो आलाय कुठल्यातरी होस्टिंग सर्व्हरवरून. याहूने तर एप्रिल २०१४ मध्येच आपल्या डोमेनसाठी 'रिजेक्ट' लावलंय. मेल दारातच अडतो आणि तुम्ही म्हणता, वेबसाइटवरून चौकशीच येत नाही.

उपाय सोपा आहे. 'फ्रॉम'मध्ये कायम तुमच्याच डोमेनचा पत्ता ठेवा आणि ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये टाका. वेबसाइट बनवून देणाऱ्याला एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरे.

स्वतःचाच सर्व्हर चालवत असाल तर

भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर स्वतःची मेलव्यवस्था उभी करणारे हौशी लोकही आहेत. त्यांच्यासाठी काम वाढतं. आयपी पत्त्यावरून नाव शोधलं तर तुमच्या सर्व्हरचं नाव यायला हवं आणि त्या नावावरून परत तोच आयपी मिळायला हवा. ही उलटी नोंद डोमेन विकणाऱ्याकडे होत नाही, सर्व्हर भाड्याने देणाऱ्याकडे करून घ्यावी लागते. अनेक क्लाउड कंपन्या मेल बाहेर पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट आधीच बंद ठेवतात. गुगल क्लाउडवर ते बंद असतं, अॅमेझॉनकडे अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. घरच्या ब्रॉडबँडवरून सर्व्हर चालवायचा विचार सोडूनच द्या, कारण घरगुती जोडण्यांचे आयपी मेल पाठवण्यासाठी नाहीत असं गृहीत धरून त्यांच्या याद्याच केलेल्या असतात. सर्व्हर 'ओपन रिले' तर नाही ना, म्हणजे पासवर्डशिवाय कुणीही त्यातून मेल पाठवू शकत नाही ना, हेही पहिल्याच दिवशी बघा.

काळ्या यादीत नाव आहे का, हे तपासताना एक गंमत होते. 'स्पॅमहाउस' ही १९९८ पासून चालणारी सगळ्यात वजनदार यादी. तिला गुगलच्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं तर उत्तरात १२७.२५५.२५५.२५४ असा आकडा येतो. लोक घाबरतात, आपण यादीत आलो म्हणून. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही सार्वजनिक डीएनएसमधून विचारताय, त्यामुळे उत्तर देणार नाही. स्पॅमहाउसच्या साइटवर जाऊन आयपी टाका, खरं उत्तर तिथे मिळेल.

माझं मत विचाराल, तर वीस-पंचवीस मेलच्या गटाने या भानगडीत पडूच नये. तयार मेलसेवा घ्यावी आणि आपल्या डोमेनचे तीन कागद नीट लावावेत.

दहापैकी दहा मिळाले, तरी स्पॅममध्ये?

होऊ शकतं. चाचणी कागदपत्रं तपासते, पत तपासत नाही. बाजारात काल आलेल्या व्यापाऱ्याला कुणी पहिल्याच दिवशी उधारीवर शंभर कट्टे देत नाही. नवं डोमेन घेऊन पहिल्याच सकाळी दोन हजार जणांना मेल टाकला तर फिल्टर असाच सावध होतो. थोडे थोडे, ओळखीच्या आणि उत्तर देणाऱ्या लोकांना आधी पाठवा, मग वाढवा. विकत घेतलेल्या पत्त्यांच्या यादीला हात लावू नका. त्यातले लोक 'स्पॅम' बटण दाबतात आणि ते तुमच्या डोमेनच्या खात्यावर जमा होतं. पाठवणं बऱ्यापैकी असेल तर गुगलच्या मोफत 'पोस्टमास्टर टूल्स'मध्ये हे प्रमाण दिसतं. मोजके मेल असतील तर तिथे आकडेच येत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

ग्राहकाला फोन करून "स्पॅममध्ये बघा आणि 'नॉट स्पॅम' दाबा" असं सांगायलाही लाजू नका. त्याने उत्तर दिलं तर त्याच्यापुरता पुढचा मेल इनबॉक्समध्ये जाण्याची शक्यता बरीच वाढते.

तिन्ही पास म्हणजे मेल खरा?

इथे वाचणाऱ्यांसाठी एक इशारा. २०१५ मध्ये ओएनजीसीने सौदी अरेबियाच्या अराम्को कंपनीला नाफ्था विकला होता. त्याचे सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्यात गेले. ठगांनी ओएनजीसीच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता बनवला होता. डोमेनमध्ये 'ओ-एन-जी-सी'च्या जागी 'ओ-जी-एन-सी', फक्त दोन अक्षरांची अदलाबदल. तक्रार मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गेली होती.

असं सारखं दिसणारं डोमेन ठगाने रीतसर विकत घेतलं, तर त्यावर तो तिन्ही कागद रीतसर लावू शकतो. तिन्ही पास दिसतील. ते फक्त एवढंच सांगतात की मेल खरोखर त्या डोमेनवरून आला. ते डोमेन तुमच्या ओळखीचं आहे का, हे अक्षर न् अक्षर वाचून तुम्हालाच बघावं लागतं. बँक खातं बदलल्याचा मेल आला तर आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे पाठवू नका.

तुमच्याच अस्सल डोमेनचं नाव वापरून कुणी तुमच्या ग्राहकाला 'नवीन खात्यात पैसे टाका' असं लिहिलं, तर ते मात्र डीमार्क थांबवू शकतो. पण 'नन'वर ठेवलेला डीमार्क काहीच अडवत नाही. आधी 'नन' लावा आणि अहवाल येण्यासाठी एक पत्ता द्या. गुगल, याहूसारख्या सेवा तुमच्या नावाने कुठून कुठून मेल आले याचे अहवाल त्यावर पाठवतात. ते किचकट फायलींमध्ये असतात, वाचून दाखवणाऱ्या मोफत साइट आहेत. दोन-चार आठवड्यांत आपले सगळे सर्व्हर पास होताना दिसले की 'क्वारंटाइन', मग 'रिजेक्ट'. सुरुवातच 'रिजेक्ट'ने केली तर स्वतःच्याच पावत्या अडकतात.

होस्टिंग बदललं, नवी मेलसेवा घेतली, की 'शो ओरिजिनल'ची चाचणी पुन्हा करा. डीकिमची किल्ली जुन्याच कंपनीची राहून जाते.

आणि मेल बाउन्स झाला तर तो मेल डिलीट करू नका. त्यातला तीन आकडी कोड बघा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर नकार पक्का. जीमेलकडून '५५०' आणि पुढे '५.७.२६' आलं, तर कारण नेमकं हेच असतं: एसपीएफ, डीकिम किंवा डीमार्कच्या तपासणीत मेल नापास झाला. होस्टिंगवाल्याला "मेल जात नाहीयेत" असं व्हॉट्सअॅपवर लिहिण्यापेक्षा हा पूर्ण बाउन्स मेल फॉरवर्ड करा. त्याला कुठे हात घालायचा ते लगेच कळेल.